आपल्या गावाचे दोन कान

स्मरणिकेच्या मंडळींचा निरोप आला, "तू कॉम्प्युटरवाली. एआयवर काहीतरी लिही, सगळ्यांना समजेल असं." मी हो म्हटलं, तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा लिहिलेलं पुसून टाकलं. डोक्यात दिवाळीपासून दुसरंच घोळतंय. आपल्या १९९६ च्या दहावीच्या ग्रुपवर जे भांडण पेटलं होतं, ते आठवतंय ना? पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावावरून जाणार म्हणून आपण सगळे खूश होतो. मग मार्ग खोडदच्या दुर्बिणीजवळून जातो म्हणून तो बदलायचं ठरलं. त्यावर आपल्या एका टोमॅटोवाल्या मित्राने लिहिलं, "तुमच्या त्या तबकड्यांनी तालुक्याला दिलं काय? कारखाना काढायचा तर त्यांची परवानगी, आता रेल्वेही घालवली."

'तुमच्या' हा शब्द मला होता. मी उत्तर टाकलं, "विज्ञानासाठी थोडा त्याग करावा लागतो," आणि पुढे हात जोडलेलं चित्र. त्याने नुसता अंगठा दाखवला. असलं उत्तर मुलाखतीत कोणी मला दिलं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवते. म्हणून हे लांबलचक उत्तर. एआय पुढच्या स्मरणिकेत.

आपला पुणे जिल्हा फार जुन्या काळापासून दूरचं ऐकत आलाय. १९२७ साली मुंबई-लंडन बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवणारं केंद्र खडकीला होतं आणि घेणारं दौंडला. दोन वेगवेगळी गावं, कारण ज्या ठिकाणी कोणी मोठ्याने ओरडत असतं तिथे बसून लांबची कुजबुज ऐकता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, रेल्वेच्या भांडणात पुन्हा लागणार आहे.

मग आर्वी. मंचरकडून येताना दिसणारी ती अजस्र पांढरी तबकडी आपण लहानपणी 'छत्री' म्हणायचो. देशातलं हे पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र, १९७१ साली सुरू झालं. तबकडीचा व्यास जवळजवळ ३० मीटर. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये विक्रम साराभाई गेले आणि केंद्राला त्यांचं नाव मिळालं. त्याआधी परदेशी फोन शॉर्टवेव्ह रेडिओवरून जायचे. वातावरणाच्या वरच्या थराची मर्जी असेल तर ऐकू येणार, नाहीतर नुसती खरखर. आर्वीची तबकडी हिंदी महासागरावर ३६,००० किलोमीटर उंचीवर टांगलेल्या उपग्रहाकडे तोंड करून बसली आणि भारतातून लंडनला स्वच्छ बोलता येऊ लागलं. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत होतं? मला नव्हतं. माझ्यासाठी आर्वी म्हणजे एसटीच्या डाव्या खिडकीतून दिसणारी वस्तू.

माहीत झालं ते आठवीत. आपल्या वर्गातल्या एकीचे वडील तिथे नोकरीला होते. विज्ञानाच्या बाईंनी त्यांना वर्गात बोलावलं. काकांनी दोन मुलांना फळ्याच्या दोन टोकांना पाठमोरं उभं केलं आणि मधे स्वतः उभे राहिले. नियम असा, की एकाने बोललेलं दुसऱ्याने 'ऐकायचं' ते काकांनी टाळी वाजवल्यावरच. एकजण म्हणाला, "जेवलास का?" टाळी वाजेपर्यंत दुसरा गप्प, म्हणून पहिल्याने पुन्हा विचारलं, "जेवलास का?" आणि नेमकं तेव्हाच पलीकडून "हो" आलं. दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळलं, वर्ग हसला. मग काकांनी गणित मांडलं. वर ३६,००० आणि खाली ३६,००० मिळून ७२,००० किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख. म्हणजे बोलणं पोचायला पाव सेकंद, आणि प्रश्नाचं उत्तर कानावर पडायला अर्धा. "आखातातल्या भावाशी फोनवर बोलताना तुम्ही दोघं एकदम बोलता ना, ती त्याची चूक नसते, तुमचीही नसते," ते म्हणाले. माझा मामा दुबईला होता. आयएसडी बूथवर आई नेहमी वैतागायची की हा मला बोलूच देत नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी मामाची बाजू घेतली.

त्याच वर्षी मला शाळेतला कॉम्प्युटर मिळाला. मिळाला म्हणजे हात लावायला. जिन्याखालची ती खोली आठवते ना, चपला बाहेर काढायच्या आणि किल्ली फक्त गणिताच्या सरांकडे? सरांचं नाव लिहायची गरज नाही, सगळ्यांना कळलं असेल. आत पाच बीबीसी मायक्रो होते, त्यातले चालणारे दोन. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांत संगणक साक्षरतेसाठी 'क्लास' नावाची योजना आणली, त्यातली ही यंत्रं. बीबीसी म्हणजे बातम्यांवालं बीबीसीच. ब्रिटनमधल्या लोकांना टीव्हीवरून कॉम्प्युटर शिकवायचा म्हणून त्यांनी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून हे यंत्र करून घेतलं होतं. स्मृती ३२ किलोबाइट. आज ग्रुपवर तुम्ही रोज सकाळी टाकता त्या एका सुप्रभाताच्या फुलात अशी कित्येक यंत्रं मावतील. (टाकत जा, माझी तक्रार नाही. तक्रार फक्त तेच फूल चार जणांनी टाकण्याची आहे.)

त्या यंत्रावर मी आयुष्यातला पहिला स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. काकांच्या पाव सेकंदाचाच. अंतर टाका, उत्तर येईल, इथून हाक मारली तर किती वेळाने पोचेल. उपग्रह, ०.१२ सेकंद. चंद्र, १.३. मंगळ जवळ असताना तीन मिनिटं, लांब असताना बावीस. मी तीन मिनिटं आणि बावीस मिनिटं या दोन आकड्यांकडे बघत बसले होते आणि लाइट गेली. प्रोग्रॅम कॅसेटवर साठवलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला. सर म्हणाले, "आता साठवायचं कधीच विसरणार नाहीस." खरं आहे. आजही दर दोन मिनिटांनी माझी बोटं आपोआप साठवण्याच्या बटणांकडे जातात आणि ऑफिसातली पोरं हसतात.

त्या खोलीचं एक देणं मला नोकरीला लागल्यावर कळलं. बीबीसी मायक्रोची बेसिक भाषा लिहिली सोफी विल्सन यांनी. पुढच्या यंत्रासाठी एकॉर्नला बाजारातली कुठलीच चिप पसंत पडेना, म्हणून विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःच एक साधी चिप आखली. ती २६ एप्रिल १९८५ ला पहिल्यांदा चालली. फर्बर सांगतात की वीज किती लागते ते मोजायला गेले तर मीटर शून्य दाखवत होता. मुख्य वीजजोडणी केलेलीच नव्हती, आजूबाजूच्या सर्किटमधून झिरपणाऱ्या विजेवर चिप चालू होती! तिचं नाव एआरएम. इतक्या कमी विजेत भागणारी चिप पुढे बॅटरीवरच्या यंत्रांना हवीच होती, आणि आज तुमच्या खिशातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये तिचीच वंशावळ आहे. जिन्याखालच्या धुळकट डब्याची नातवंडं घेऊन आपण सगळे फिरतोय.

आता खोडद. आपण शाळेत होतो तेव्हाच ते उभं राहत होतं. सहावीत सायकलवरून बघायला गेलेलो आपण पाच जण, आणि परत येताना पंक्चर. शेतात कांदा आणि त्याच्या पलीकडे ४५ मीटर व्यासाचा लोखंडी सांगाडा. माझे आजोबा म्हणायचे, "एवढी मोठी चाळण कशाला?" आजोबांना कल्पना नव्हती की ते किती अचूक बोलताहेत.

ही चाळण डॉ. गोविंद स्वरूप यांची. १९६१ साली परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशी पत्रं धाडली की आम्हाला परत येऊन गट उभारायचाय, त्यातले हे एक. होमी भाभांनी ताबडतोब होकार कळवला आणि १९६३ साली स्वरूप परतले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या सहा-सहा फुटी ३२ तबकड्या त्यांनी कल्याणजवळ मांडल्या, ती देशातली पहिली रेडिओ दुर्बीण. मग उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण, तीही सपाट जागेवर नाही तर डोंगराच्या उतारावर. उताराचा कोन तिथल्या अक्षांशाइतका, साधारण ११ अंश. त्यामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच दिशेने फिरवून तारा धरून ठेवता येऊ लागला. पैसे कमी असताना डोंगराकडून काम करून घेणारा हा माणूस.

खोडदला त्यांना एक नाही, तीस तबकड्या हव्या होत्या, त्याही जगातल्या मोठ्यांत मोजाव्या इतक्या. पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन आणि वाऱ्याचा जोर पेलायलाच सगळे पैसे गेले असते. म्हणून पोलादी नळ्यांच्या १६ कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले दोर, आणि दोरांवर बारीक स्टेनलेस तारेची जाळी. भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. वारा आरपार, पाऊस आरपार. पण ज्या रेडिओ लहरी पकडायच्या त्यांची लांबी २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत, त्या भोकातून जाऊ शकत नाहीत. पिठाच्या चाळणीवर रवा राहतो तसं. आजोबा बरोबर होते.

चौदा तबकड्या खोडदजवळच्या एका चौरस किलोमीटरात आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पार पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येकीचं ऐकणं फायबरच्या तारेतून खोडदच्या खोलीत येतं आणि तिथे दोन-दोन तबकड्यांच्या जोड्या लावून तुलना होते. तीस जणींच्या जोड्या किती? सरांनी शिकवलेलं सूत्र लावा, ४३५. या ४३५ तुलनांमधून पंचवीस किलोमीटरच्या एकाच तबकडीला दिसेल तितकं बारीक चित्र तयार होतं.

इथे माझा धंदा येतो. हे जोड्या लावण्याचं काम सुरुवातीला खास त्यासाठीच बनवलेल्या चिपांची कपाटं करायची. २०१० च्या सुमारास त्यांनी ते काम साध्या बाजारात मिळणाऱ्या लिनक्स कॉम्प्युटरांच्या रांगेवर, म्हणजे निव्वळ प्रोग्रॅमवर आणलं. पुढच्या सुधारणेत, एका वेळी ऐकण्याचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० वर गेला, तेव्हा हिशेबाला ग्राफिक्स कार्डं लावली. ही कार्डं मुळात कशासाठी? मुलांना गेममध्ये राक्षस नीट दिसावा म्हणून. त्याच कार्डांवर आज एआय चालतं. माझ्या मुलाने तासन्‌तास खेळलेल्या गेमचे पैसे फिरून फिरून आकाशगंगांपर्यंत पोचले म्हणायचे. हे मी त्याला सांगायला नको होतं, आता रोज ऐकवतो.

मधला एक काळ मात्र सांगताना लाज वाटते. १५ ऑगस्ट १९९५ ला, आपण दहावीत असताना, व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. वर्षाला हजारोंचं भाडं आणि वेग ९.६ किलोबिट, म्हणून आपल्यापर्यंत काही ते आलं नाही. मला ते भेटलं पुण्यात इंजिनिअरिंगला गेल्यावर, सायबर कॅफेत. १९९९ साली 'सेटी ॲट होम' निघालं होतं. आपला कॉम्प्युटर रिकामा असताना परग्रहावरचे संदेश शोधायला उसना द्यायचा, असा तो मामला. माहिती पोर्तो रिकोच्या आरेसिबो दुर्बिणीची, ३०५ मीटर व्यासाची. आम्ही कॅफेवाल्याला पटवून त्याच्या दोन यंत्रांवर ते चढवलं. पडद्यावर रंगीत आलेख हलायचे आणि आम्ही भारावून बघायचो. मैत्रिणींना मी आरेसिबोवर तासभर व्याख्यान द्यायचे. एकदा एकीने सहज विचारलं, "तुझ्या गावाजवळपण आहे ना काहीतरी तसलं?" मी म्हटलं, "हो, आहेत तबकड्या." एवढंच. घरापासून अर्ध्या तासावर जगातली आपल्या प्रकारची सगळ्यात मोठी दुर्बीण, आणि मी कॅरिबियन बेटावरच्या दुर्बिणीचे गोडवे गात होते. सेटी ॲट होम मार्च २०२० मध्ये थांबलं. त्याच डिसेंबरच्या पहिल्या तारखेला आरेसिबोही कोसळली. स्वरूप सर त्या सप्टेंबरमध्ये गेले.

आणि १९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं 'स्कियापरेली' यान मंगळावर उतरत होतं. उतरतानाचा त्याचा बारीक आवाज पृथ्वीवरून थेट ऐकण्याचं काम आपल्या खोडदच्या तबकड्यांकडे होतं. काही वॅटचा प्रक्षेपक, घरातल्या एखाद्या लहान दिव्याएवढा, आणि मधे सतरा-अठरा कोटी किलोमीटर. माझ्या आठवीतल्या प्रोग्रॅमात हे अंतर टाकलं तर उत्तर येईल, जवळजवळ दहा मिनिटं. जर्मनीत बसलेले शास्त्रज्ञ खोडदहून येणारी रेघ बघत होते. यान वातावरणात शिरलं, हवाई छत्री उघडली, रेघ चालू होती. उतरायला थोडासाच अवधी उरला असताना रेघ थांबली.

पुढे कारण सापडलं. छत्री उघडताना यान जोरात हेलकावलं, फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण सुमारे सेकंदभर आपल्या कमाल आकड्यावर अडकून बसलं. प्रोग्रॅमने तो आकडा खरा मानला आणि हिशेब करून उंची काढली, ती आली उणे. म्हणजे आपण जमिनीच्या खाली आहोत! झालं, छत्री सोडली, इंजिनं क्षणभर चालवून बंद केली. खरी उंची तेव्हा ३.७ किलोमीटर होती. यान ताशी ५४० किलोमीटर वेगाने आदळलं. तो अहवाल वाचला त्या रात्री मी झोपले नाही. त्याच आठवड्यात मी लिहिलेल्या एका प्रोग्रॅमने एका गोदामातला साठा उणे चाळीस खोकी दाखवला होता आणि त्यावर विसंबून कोणीतरी मागणी पाठवून मोकळं झालं होतं. उणे आकडा येऊच शकत नाही असं मी धरून चालले होते, म्हणून तपासलाच नव्हता. आता माझ्या टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी स्कियापरेलीची गोष्ट सांगते, आणि ती शेवटपर्यंत ऐकणारे कान माझ्या गावचे होते हेही सांगते.

तर रेल्वे. विजेच्या गाडीवरची ती वरची तार आणि तिला घासणारा दांडा यांच्यात ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे रेडिओ, जगातले पहिले बिनतारी संदेश ठिणग्यांनीच पाठवले गेले. घरात मिक्सर लावला की रेडिओ खरखरायचा, तेच. आणि खोडद जे ऐकतं ते किती क्षीण? चंद्रावर नुसता एक मोबाईल चालू करून ठेवला तरी तो रेडिओच्या आकाशातल्या ठळक वस्तूंमध्ये जमा होईल इतकं. खडकी आणि दौंड वेगळे का ठेवले होते, आठवा.

२०२३ च्या जूनमध्ये खोडदची निरीक्षणं वापरून भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी, जगातल्या इतर गटांबरोबरच, अवकाशात सतत चालू असलेल्या गुरुत्वीय लहरींच्या गुणगुणण्याचा पुरावा मांडला. ठोक्याला पक्के असलेले मृत तारे घड्याळासारखे वर्षानुवर्षं ऐकत राहायचे आणि त्यांच्या ठोक्यात पडलेला सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही बारीक फरक पकडायचा, असं ते काम. शांतता मोडली तर ते संपलं.

पण मित्रा, तुझा हिशेबही मी करून पाहिला. टोमॅटो चाकणच्या कोंडीत सहा तास उभा राहिला तर क्रेटमागे काय जातं, हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आताही नाही. शांततेचा फायदा साऱ्या जगाला आणि तिचं भाडं एकट्या आपल्या तालुक्याने भरायचं, हे मला योग्य वाटत नाही. दुर्बीण हलवता येत नाही, रूळ वळवता येतात, हे खरं. मग रुळाऐवजी तालुक्याला काय, हा प्रश्न विचारायचा हक्क तुला आहे आणि मी तुझ्या बाजूने सही करायला तयार आहे. 'त्याग' हा शब्द मी मागे घेते. पुण्यात बसून तो वापरणं सोपं होतं.

एक विनंती. स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दहा-बारा जण खोडदला जाऊन येऊ, परवानगीचं मी बघते. पिकअप तुझी. मोबाईल सगळ्यांनी घरीच ठेवायचे. यावेळी पंक्चर झालं तर फोन करता येणार नाही, तेवढी स्टेपनी तपासून आण.